कोणता ‘बोरिस’, ते फलकावर लिहा

मदेस्त मुसोर्गस्कीचा ‘बोरिस गोदुनोव’ चार माणसांनी चार शहरांत पाहिला आणि नंतर ती एकत्र बसून बोलू लागली, तर आपण एकच ऑपेरा पाहिला हे त्यांना एकमेकांना पटवता येणार नाही. पहिल्याच्या ऑपेरात प्रेमाचा एकही प्रवेश नाही, पोलंड नाही. दोन-सव्वादोन तासांत सगळं आटोपतं आणि झार बोरिस सरदारांच्या सभेत कोसळतो तिथे पडदा पडतो. दुसऱ्याचा ऑपेरा तासाभराने मोठा. त्यात मरीना नावाची महत्त्वाकांक्षी पोलिश सरदारकन्या आहे, कारंज्यापाशी रंगणारं युगुलगीत आहे, कारस्थानी जेझुइट (कॅथलिकांच्या एका संघाचा) पाद्री आहे, आणि झार मेल्यावरही ऑपेरा संपत नाही; त्यानंतर क्रोमीच्या जंगलात बंडखोर जमाव उसळतो. तिसऱ्याने हाच जमाव झारच्या मरणाआधी पाहिला. चौथ्याला यातलं सगळंच दाखवलं गेलं, वर एक जादा प्रवेशही. चौघांच्या तिकिटावरचं नाव मात्र तेच होतं.

मला हे खटकतं, आणि वर्षानुवर्षं खटकत आलं आहे. माझं म्हणणं असं की मुसोर्गस्कीने ‘बोरिस’ दोनदा लिहिला, एकदा १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७२ मध्ये, आणि ते दोन वेगळे ऑपेरा आहेत. ऑपेराघराने त्यातला एक निवडावा, तो जसा आहे तसा करावा, आणि कोणता निवडला ते जाहिरातीतच सांगावं. मुसोर्गस्कीचा संगीतकार मित्र रिम्स्की-कोर्साकोव्ह याने पुढे बदललेला ‘बोरिस’ करायचा असेल तर तोही जरूर करावा, पण त्याचं नाव लावून. दोन्ही संहितांतलं आवडेल ते उचलायचं, शिवून टाकायचं आणि त्यावर मुसोर्गस्कीचं नाव घालायचं, हे मात्र थांबलं पाहिजे. आणि दोनांतला तुमचा कोणता, असं कोणी विचारलं तर मी १८७२ चा घेईन. आज वारं उलट्या दिशेने वाहतं आहे, म्हणून कारणं सविस्तर मांडतो.

कथानकाचा इतिहास थोडक्यात असा. बोरिस गोदुनोव १५९८ ते १६०५ रशियाचा झार होता. त्याआधी १५९१ मध्ये उग्लिच इथे गादीचा बालवारस द्मित्री मरण पावला. बोरिसने त्याचा खून करवला असं लोक म्हणत. आजच्या इतिहासकारांना त्याबद्दल दाट शंका आहे; पण इतिहासकार करमझिनने आपल्या इतिहासात तो आरोप खरा धरला, कवी पुश्किनने १८२५ मध्ये त्यावर नाटक लिहिलं, आणि मुसोर्गस्कीच्या झारला त्या मुलाचं रक्त शेवटपर्यंत सोडत नाही. दरम्यान १६०१ ते १६०३ भीषण दुष्काळ पडला. मठातून पळालेला ग्रिगोरी नावाचा एक तरुण ‘मीच तो द्मित्री, मी वाचलो’ म्हणत पोलंडच्या मदतीने मॉस्कोवर चालून आला.

मुसोर्गस्कीने हा विषय हातात घेतला तेव्हा, म्हणजे १८६८ च्या शरद ऋतूत, तो २९ वर्षांचा होता आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये सरकारी नोकरी करत होता. संगीताचं रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हतंच. माणूस बोलतो तसं गाणं व्हावं, वाक्याचा चढउतार हाच सुरांचा चढउतार व्हावा, या ध्यासाने त्याला झपाटलं होतं. त्याच वर्षी त्याने गोगोलच्या एका विनोदी नाटकाचा पहिला अंक गद्य संवादांसकट जसाच्या तसा स्वरबद्ध करून पाहिला होता. त्याच रीतीने त्याने पुश्किनच्या नाटकातले प्रवेश उचलले आणि १८६९ च्या अखेरीस सात प्रवेशांचा ऑपेरा तयार केला. शाही थिएटरच्या समितीने १८७१ च्या फेब्रुवारीत तो नाकारला. मुख्य आक्षेप होता, यात मोठी स्त्रीभूमिका नाही.

इथपासून जी गोष्ट सांगितली जाते ती सर्वांना आवडते, कारण तिच्यात एक बिचारा प्रतिभावंत आहे आणि एक मठ्ठ सरकारी समिती. समितीने गळा धरला, कलावंताने मान तुकवली, बाईसाठी पोलंडचा अंक घुसडला, आणि मूळचा शुद्ध ऑपेरा बाटला. १८६९ ची संहिता आज जगभर मानाने केली जाते, तिच्यामागे ही गोष्ट आहे. लंडनच्या रॉयल ऑपेराने २०१६ मध्ये ती केली, पॅरिस ऑपेराने २०१८ मध्ये, आणि मिलानच्या ला स्कालाने २०२२ च्या हंगामाची सुरुवातच तिने केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचं उदाहरण तर फार बोलकं आहे. २०१० मध्ये त्यांनी स्टीफन वॉड्सवर्थच्या दिग्दर्शनाखाली ‘बोरिस’ केला तेव्हा त्यात पोलंड होतं, क्रोमीचं जंगल होतं. २०२१ मध्ये तेच नेपथ्य, तोच नायक रेने पापे, पण आता फक्त सात प्रवेश.

ही गोष्ट अर्धीच खरी आहे. समितीला हवी होती एक नायिका. मुसोर्गस्कीने नायिका दिली; पण तेवढ्यावर तो थांबला नाही. झारच्या महालातला प्रवेश त्याने पुन्हा लिहिला, तो कोणी सांगितला नव्हता. तिथे मुलांची गाणी आली, पोपटाची हकिगत आली, ठोके देणारं यांत्रिक घड्याळ आलं, ज्याच्या आवाजात बोरिसला मेलेला मुलगा दिसू लागतो. बोरिसचं मोठं स्वगत आधी पुश्किनच्या ओळींना घट्ट चिकटून होतं. आता त्याला विस्तीर्ण, गाती चाल मिळाली, जिचे सूर त्याने स्वतःच्याच एका अपुऱ्या ऑपेरातून आणले. सेंट बेसिल चर्चपुढच्या चौकातला अख्खा प्रवेश त्याने काढून टाकला, तोही कोणी सांगितलं नसताना. आणि शेवटी क्रोमीचा प्रवेश पूर्ण नव्याने रचला. पुश्किनच्या नाटकात असा प्रवेश नाहीच. बंडखोर जमाव रंगमंचावर आणावा असं झारच्या नोकरीतली कुठली समिती सुचवेल? अमेरिकन अभ्यासक रिचर्ड टारुस्किन यांनी हा मुद्दा फार नेटाने मांडला. नकार हे निमित्त होतं. त्या निमित्ताने मुसोर्गस्कीने आपलं काम नव्याने विचारात घेतलं आणि त्याचं नाटकाबद्दलचं मतच पालटलेलं होतं. बोलण्यातून गाणं काढण्याचा जो नेम त्याने केला होता तो त्याला आता पुरेना. त्याला झारची उंची हवी होती, म्हणून गाणं हवं होतं.

पण खरा फरक झारमध्ये नाही, लोकांमध्ये आहे.

१८६९ च्या ऑपेरात लोक पहिल्या प्रवेशात नोवोदेविची मठाच्या अंगणात गोळा केले जातात. हातात दंडुका घेतलेला शिपाई त्यांना बोरिसने गादी घ्यावी म्हणून टाहो फोडायला लावतो. आपण कशासाठी ओरडतो आहोत, हे ते एकमेकांना विचारतात आणि कोणालाच ठाऊक नसतं. सेंट बेसिलच्या चौकात हेच लोक भुकेने अर्धमेले होऊन उभे आहेत. खोटा द्मित्री जवळ येतोय याची कुजबुज चालू आहे. पोरं एका युरोदिवीला, देवाच्या वेडाने हिंडणाऱ्या भिकाऱ्याला, छळतात आणि त्याचा एकुलता एक कोपेक पळवतात. झार चर्चमधून बाहेर येतो, लोक गुडघ्यांवर पडून भाकरी मागतात, आणि युरोदिवी भर चौकात म्हणतो की तू त्या लहानग्या राजपुत्राला मारलंस तसं या पोरांनाही मार. शिपाई धावतात. बोरिस त्यांना थांबवतो आणि त्या भिकाऱ्याला म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना कर. हेरोड राजासाठी, म्हणजे बायबलातल्या बालहत्या करवणाऱ्या राजासाठी, प्रार्थना करता येत नाही, असं उत्तर मिळतं.

साऱ्या रशियन ऑपेरात याच्या तोडीचा प्रवेश मला माहीत नाही. सत्ता आणि सत्य समोरासमोर येतात आणि सत्याच्या अंगावर धड कपडेही नसतात. मग मी जी संहिता चांगली म्हणतो तिच्यात हा प्रवेश नाही, याचं मला दुःख नाही का? आहे. पण १८६९ च्या या लोकांकडे पाहा. ते भुकेले आहेत, ते कुजबुजतात, ते गुडघे टेकतात. पहिल्या प्रवेशात जिथे होते तिथेच ते आहेत. पुढच्याच प्रवेशात झार मरतो, आणि त्याच्या मरणाने कथा पूर्ण होते. हा अपराधी राजाचा ऑपेरा आहे, नीटस आणि कठोर. प्रजा ही त्याच्या अपराधाची पार्श्वभूमी.

१८७२ मध्ये झारचं मरण शेवटून दुसऱ्या जागी सरकलं आणि सगळं उलटलं. झार गेला, घंटा वाजल्या, मठवासी गाऊन गेले, श्रोत्याला वाटतं आता पडदा पडेल. आणि मग पडदा उघडतो तो क्रोमीच्या जंगलात. खेडूत एका सरदाराला बांधून आणतात आणि पहिल्या प्रवेशात त्यांना जे स्तुतिगान गायला लावलं होतं तसलंच गान त्याला चिडवत गातात. दोन भटके साधू जमावाला आणखी चेतवतात. जमाव स्वतःच्या ताकदीचं एक असं समूहगान गातो की अंगावर काटा येतो. दोन जेझुइट लॅटिन मंत्र म्हणत येतात, त्यांना फासावर चढवायला लोक ओढून नेतात. एवढ्यात घोड्यावर बसून खोटा द्मित्री येतो, ज्याच्यामागे तेच जेझुइट उभे आहेत, आणि हाच पेटलेला जमाव त्याचा जयजयकार करत त्याच्यामागे मॉस्कोच्या रस्त्याला लागतो. मागे उरतो युरोदिवी. बेसिलच्या चौकातलं त्याचं रडगाणं मुसोर्गस्कीने उचलून इथे आणलं: वाहा रे अश्रूंनो, रड रशियन माणसा, भुकेल्या माणसा.

लोक बदलले. गुडघे टेकणारे उठले, आणि उठून दुसऱ्या लबाडामागे गेले. एका जुलमी राजाच्या मरणाने काहीच सुटलं नाही, हे १८६९ चा ऑपेरा सांगू शकत नाही, कारण तो मरणापाशीच थांबतो. १८७४ मध्ये छापलेल्या पियानोच्या प्रतीच्या अर्पणपत्रिकेत मुसोर्गस्कीने लिहिलं आहे की जनता म्हणजे एका कल्पनेने भारलेली एक थोर व्यक्ती असं मी समजतो, आणि ऑपेरात तेच सोडवायचा मी प्रयत्न केला. ते वाक्य १८७२ च्या संहितेवर आहे. ज्या संहितेने त्याचा तो प्रयत्न पुरा केला तिला तडजोड म्हणणं अन्यायाचं आहे.

पोलंडच्या अंकाबद्दल मात्र मी फार जोर लावणार नाही. पहिला प्रवेश, मरीनाच्या महालातला, लांबतो. पण रांगोनी नावाचा पाद्री आणि कारंज्यापाशी चाललेला प्रेमाचा सौदा नसेल तर खोटा द्मित्री कोणाच्या बळावर उभा राहतो ते कळत नाही, आणि १८६९ च्या संहितेत तर तो सरहद्दीवरच्या खानावळीच्या खिडकीतून उडी टाकून पळतो तो पुन्हा दिसतच नाही.

आता दोन्ही करण्याच्या हौसेकडे येतो. बेसिलचा प्रवेश इतका मोठा, क्रोमी इतका मोठा, मग दोन्ही का नकोत? हा मोह जुना आहे. मॉस्कोच्या बल्शोई थिएटरने १९२७ मध्ये बेसिलचा प्रवेश रिम्स्की-कोर्साकोव्हच्या संहितेत बसवला. त्यासाठी त्याची वाद्यवृंदरचना संगीतकार इप्पोलितोव्ह-इव्हानोव्हकडून नव्याने करून घेतली होती. तेव्हापासून ही पद्धत जगभर गेली. परिणाम काय होतो ते पाहा. पोरं युरोदिवीचा कोपेक चौकात पळवतात, आणि थोड्या वेळाने जंगलात पुन्हा पळवतात. तो चौकात रडगाणं गातो आणि तेच रडगाणं जंगलात पुन्हा गातो. मुसोर्गस्कीने ते एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावलं होतं. आपण ते दोन्ही जागी ठेवतो. काही ठिकाणी ही पुनरुक्ती टाळायला एक जागा कापतात, म्हणजे पुन्हा नवी कात्री. आणि त्याहून वाईट म्हणजे, भाकरीसाठी झारचे पाय धरणारे लोक आणि सरदारांना बांधून आणणारे लोक यांच्यामध्ये मुसोर्गस्कीने वाटचाल दाखवलेली नाही, कारण त्याच्या मनात ते एकापुढे एक नव्हतेच. त्याने एक चित्र काढून दुसरं लावलं. भारी दागिने आहेत म्हणून सगळे एकाच गळ्यात घालावेत असं होत नाही.

रिम्स्की-कोर्साकोव्हबद्दल लिहिताना सावध राहायला हवं, कारण गेल्या पन्नास वर्षांत त्याला खलनायक करण्याची फॅशन आली आहे. तो मुसोर्गस्कीचा जिवलग होता. ‘बोरिस’ची दुसरी संहिता लिहिली जात होती तेव्हा दोघे एका खोलीत राहत, सकाळी पियानो मुसोर्गस्कीकडे, दुपारनंतर रिम्स्की-कोर्साकोव्हकडे. १८७४ च्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण समीक्षकांनी झोडपलं, आणि त्यांत मुसोर्गस्कीच्याच गटातला संगीतकार सेझार कुई होता. १८७६ पासून क्रोमीचा प्रवेश गाळून प्रयोग होऊ लागले. १८८१ मध्ये मुसोर्गस्की ४२ व्या वर्षी लष्करी इस्पितळात वारला, दारूने पोखरलेला, आणि पुढच्या वर्षी ‘बोरिस’ रंगमंचावरून उतरला. तेव्हा हा ऑपेरा विस्मृतीत गेला असता. १८९६ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हने तो स्वतःच्या हाताने नव्याने लिहिला, १९०८ पर्यंत त्यात आणखी भर घातली, आणि त्याच वर्षी रशियन निर्माता द्यागिलेव्हने तो पॅरिसला नेला, तेव्हा गायक शाल्यापिनच्या बोरिसने सारं युरोप हलवून सोडलं. त्यानंतर साठ-सत्तर वर्षं जगाने ‘बोरिस’ म्हणून जे ऐकलं ते रिम्स्की-कोर्साकोव्हचंच. त्याच्याशिवाय मी हा लेख लिहीत नसतो.

पण त्याने जे केलं ते वाद्यं सजवणं एवढंच नव्हतं. राज्याभिषेकाच्या प्रवेशात मुसोर्गस्की दोनच स्वरसंघ आलटून पालटून वाजवतो. ते एकमेकांपासून इतके दूरचे आहेत की घंटानाद उत्सवाचा असूनही पोटात खड्डा पडतो. त्या आनंदात काहीतरी बिघडलेलं आहे. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या हातात तो प्रवेश लखलखतो. घंटा चमकतात, तुताऱ्या चमकतात, आणि बिघाड झाकला जातो. मुसोर्गस्कीचा वाद्यवृंद काळसर आहे, तंतुवाद्यं खालच्या पट्टीत कण्हत राहतात. मित्राला ती अनघड वाटली. त्याने स्वर बदलले, लयी सरळ केल्या, पट्ट्या बदलल्या. आणि झारचं मरण पुन्हा शेवटी नेलं, म्हणजे ज्या एका निर्णयाने ऑपेरा लोकांचा झाला होता तोच उलटवला. हा बदल मला त्याच्या सगळ्या स्वरबदलांपेक्षा जास्त सलतो, कारण स्वर कानाला कळतात, पण प्रवेशांचा क्रम बदललेला आहे हे नवख्या प्रेक्षकाला कळायची सोयच नसते.

आणि तरीही त्या माणसाची सचोटी पाहा. त्याने आपल्या आठवणींत स्पष्ट लिहिलं आहे की मी मूळ भित्तिचित्र पुसलेलं नाही. पुढे कोणाला मूळच सरस वाटलं तर माझं बाजूला ठेवून त्यांनी मूळ करावं. त्याने आपलं नाव लपवलं नाही. नाव लपवलं ते नंतरच्या ऑपेराघरांनी आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांनी, ज्यांनी मोठ्या अक्षरांत मुसोर्गस्की लिहिलं आणि दुसरं नाव बारीक टायपात कुठेतरी ढकललं. सोव्हिएत संगीतकार शोस्टाकोविचने १९३९-४० मध्ये केलेली वाद्यवृंदरचना वेगळ्या जातीची आहे. त्याने मुसोर्गस्कीचे स्वर जसेच्या तसे ठेवले आणि फक्त वाद्यं आपली दिली. तीही त्याच्या नावानेच व्हायला हवी. ती बहुधा तशी होतेही.

यावर नेहमीचं उत्तर येतं: ऑपेरा हा चालता-बोलता कलाप्रकार आहे, त्यात कापाकापी पहिल्यापासून होत आली, मुसोर्गस्कीच्या पहिल्या प्रयोगातही चुदोव्ह मठाच्या कोठडीचा प्रवेश गाळला होता, मग शुद्धतेचा आग्रह कशाला? माझा आग्रह शुद्धतेचा नाहीच. रिम्स्की-कोर्साकोव्हचा ‘बोरिस’ बंद करा असं मी म्हणत नाही, उलट दर पिढीने तो एकदा ऐकावा. आग्रह नावाचा आहे. व्हेर्दीचा ‘दोन कार्लोस’ १८६७ मध्ये पॅरिसला पाच अंकांत फ्रेंचमध्ये झाला आणि १८८४ मध्ये मिलानला चार अंकांत इटालियनमध्ये. आज कुठलंही गंभीर ऑपेराघर यातलं कोणतं करत आहे ते सांगितल्याशिवाय तिकीट विकत नाही. ब्रुकनरची सिम्फनी असली की कार्यक्रमपत्रिकेत संहितेचं साल आणि संपादकाचं नाव छापलेलं असतं. हे सौजन्य मुसोर्गस्कीच्या वाट्याला अनेकदा येत नाही, आणि ज्याचं काम त्याच्या हयातीत आणि नंतर इतक्या हातांनी फिरवलं त्यालाच ते सर्वांत आधी मिळायला हवं होतं.

यूट्यूबवर ‘बोरिस’ शोधणाऱ्या मराठी श्रोत्याचंही यात नुकसान आहे. समोर वाद्यवृंदसंचालक कारायानचं १९७० चं ध्वनिमुद्रण येतं, ते रिम्स्की-कोर्साकोव्हचं. शेजारी दुसरा संचालक आबादो याचं येतं, ते मुसोर्गस्कीच्या स्वतःच्या वाद्यवृंदाचं. आणि खालच्या माहितीत अनेकदा दोन्हींसाठी एकच ओळ असते. त्यातून एखाद्याला ‘बोरिस’ चमकदार वाटतो, दुसऱ्याला मळकट, आणि दोघेही मुसोर्गस्कीबद्दल मत बनवून मोकळे होतात. ज्याला फरक कानाने पाहायचा आहे त्याने संचालक गेर्गियेव्हने सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरच्या कलावंतांकडून करून घेतलेलं ध्वनिमुद्रण ऐकावं. त्यात १८६९ आणि १८७२ हे दोन्ही ऑपेरा पूर्ण, वेगवेगळे, वेगवेगळ्या बोरिसांसह दिलेले आहेत. महालातला प्रवेश आधी एकातून ऐका, मग दुसऱ्यातून. पहिल्यात बोरिस बोलतो, दुसऱ्यात तो गातो.

२०२२ मध्ये ला स्कालाने ‘बोरिस’ने हंगाम उघडायचं ठरवलं तेव्हा युक्रेनवरचं आक्रमण चालू होतं, आणि मिलानमधल्या युक्रेनच्या वाणिज्यदूताने जाहीर विरोध केला. ऑपेराघर ठाम राहिलं. सत्तेच्या अपराधाबद्दलचा ऑपेरा अशा काळात करणं योग्यच होतं, असं माझं मत आहे. पण त्या संध्याकाळी मिलानने १८६९ ची संहिता केली. तिच्यात झार आपल्या पापाखाली चिरडून मरतो. त्यानंतर त्याच्या प्रजेचं काय होतं, ती कोणाच्या घोड्यामागे धावते, हा प्रश्न विचारणारा क्रोमीचा प्रवेश त्या प्रयोगात नव्हता, आणि त्या वर्षी नेमका तोच प्रश्न विचारायला हवा होता. संहिता निवडणं हे संगीत विभागाचं अंतर्गत काम आहे असं समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सबबी आता उरलेल्या नाहीत. संगीत-अभ्यासक पाव्हेल लाम आणि बोरिस असाफ्येव यांनी १९२८ मध्ये मुसोर्गस्कीचं मूळ काम छापून लेनिनग्राडच्या रंगमंचावर आणलं. डेव्हिड लॉइड-जोन्सची चिकित्सक आवृत्ती १९७५ पासून ऑक्सफर्डकडून मिळते, तिच्यात दोन्ही संहितांचं साहित्य आहे. जे वेगळं करता येतं ते वेगळं करावं. फलकावर ‘मुसोर्गस्की, बोरिस गोदुनोव, १८६९, सात प्रवेश’ असं लिहावं, किंवा ‘१८७२, क्रोमीच्या प्रवेशासह’, किंवा ‘रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी नव्याने सिद्ध केलेली संहिता, १९०८’. आणि ज्यांना बेसिलचा चौक आणि क्रोमीचं जंगल एकाच रात्री हवंच आहे, त्यांनी ही जोडणी कोणी केली त्या संचालकाचं आणि दिग्दर्शकाचं नाव तितक्याच मोठ्या अक्षरांत खाली छापावं.